नखाएवढी पाटी

६ जानेवारी

दादा,

हिरवी की निळी? एवढंच सांग आणि मग पुन्हा वर्षभर गप्प बस, माझं काही म्हणणं नाही.

स्टेशनबाहेरच्या न्हाव्याच्या दुकानाची पाटी. बाबा म्हणतात हिरवी. आई म्हणते निळी. "रोज त्या पाटीखाली उभी राहून भाजी घ्यायचे, मला शिकवता?" बाबा म्हणाले, "तू भाजी बघत होतीस, पाटी नाही." झालं. परवापासून दोघांचं बोलणं बंद आणि निरोप्या मी. "तुझ्या आईला सांग, चहात साखर कमी आहे." आई तिथेच, हात लांब केला तर लागेल अशी. तरी मी सांगायचं. आई म्हणते, "त्यांना सांग, हिरव्या पाटीच्या दुकानात जाऊन प्या." घरात सगळ्यात कमी बोलणारी मी, आणि दोघांचं बोलणं वाहायचं मीच.

तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. म्हणजे साक्षीदार तूच उरलास. मी नव्हते, हे बाबा मला उठता-बसता ऐकवतात. "तू होतीस का तेव्हा?" नव्हते बाबा. ते स्टेशन बंद पडल्यावर मी जन्मले. माझं चुकलं.

हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोन कानाला लावला की माझी वाचा बसते, तुला माहीत आहे. आणि तू फोन करतोस तो बाबा फिरायला गेले की, तोही आईला. म्हणून पत्र. पत्ता आईने दिला.

बाबांनी मांडलेली त्या स्टेशनची छोटी रेल्वे अजून तुझ्याच खोलीत आहे. तुझा पलंग उभा करून भिंतीला टेकवलाय. तू गेलास तेव्हा नुसते रूळ, इमारत आणि पाण्याची टाकी होती ना, आता सगळी वस्ती झाली आहे. पाट्या, झाडं, कुंपणं सगळं मी करते. बाबा फक्त सांगतात. त्यांची तब्येत ठीक आहे.

घुमी

शाळा सोडल्याचं आईने सांगितलं असेलच. त्यावर काही लिहू नकोस.

२१ जानेवारी

दादा,

आई म्हणाली, तुझा फोन आला होता. "घुमीला सांग, पत्र मिळालं." पत्र मिळालं हे उत्तर झालं का? पत्र मिळालं हे पोस्टमनने सांगायचं असतं. हिरवी की निळी!

इथे माझ्या डोक्याला काय ताप आहे ते ऐक. बाबांच्या रेल्वेत माणूस बोटाच्या पेराएवढा. म्हणजे दुकानाची पाटी दोन बोटांची, आणि छोटी सूचना असेल तर करंगळीच्या नखाएवढी. त्या नखावर मी अक्षरं काढायची. काढली, तर बाबा म्हणणार, "फार सुबक आली. पेंटरला रोज दहा पाट्या रंगवायच्या असायच्या, तो एवढी नजाकत करेल?" वाकडी काढली, तर म्हणणार, "पेंटर होता, दारुडा नव्हता." मग कागद मागून घासून पातळ करायचा, कारण जाड कागद म्हणजे पाटी नाही, पाट. कडा पेन्सिलीने काळ्या करायच्या, कारण पांढरी कड दिसली की मेलं सगळं. मग खिळ्याच्या जागी विटेची पूड लावून खाली ओघळ काढायचा, गंजाचा. मग चहाच्या पाण्याने पुसून जुनी करायची. एवढं झाल्यावर बाबा विचारतात, "ही भिंत कुठल्या तोंडाची?" मी म्हणते, उत्तरेकडची. "मग उन्हाने रंग कसा उडेल? पुन्हा कर."

पुन्हा कर. माझ्या जन्माची पाटी केली तर तिच्यावर हेच येईल.

आणि गंज बघायला मला बाजारात पाठवतात! "खऱ्या पाट्या बघ. गंज कुठून सुरू होतो बघ." मी जाते, दुकानासमोर उभी राहून वर बघते. दुकानदार विचारतो, "काय हवंय?" आता त्याला काय सांगू, तुमचा गंज हवाय? तू असतास तर तूच काहीतरी बोलला असतास, नेहमीसारखं. मला काही सुचत नाही, तोंडातून फक्त "कंगवा" निघतं. एकदा तर चपलांच्या दुकानातही कंगवाच मागितला. घरात आता कंगव्यांचा खच पडला आहे. आई म्हणते, "केस आहेत तेवढेच, कंगवे मात्र वाढतायत." शेवटी मी दाते कापले, करडा रंग दिला आणि मालधक्क्याला कुंपण केलं. बाबा बराच वेळ बोट फिरवत राहिले. म्हणाले, "बरं आहे." बाबांचं "बरं आहे" म्हणजे काय ते तुला माहीत आहे. मग लगेच म्हणाले, "दोन दाते मोड. गाय घुसायची तिथून."

या सगळ्यानंतर मी एक गोष्ट मागितली. खरा पेंटर पाटीच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतो की नाही? मी सायकलच्या दुकानाच्या पाटीवर खाली बारीक लिहिलं, "घुमी आर्ट्स". बाबांनी भिंग लावलं, पाटी चिमट्याने उचलली आणि मला परत दिली. "त्या साली घुमी कुठे होती?"

मी इतका वेळ घालवून गाव उभं करते, आणि त्या गावात मला उभं राहायला जागा नाही. आई आहे, भाजी घेताना. बाबा आहेत, स्टेशनमास्तरांच्या टोपीत. तूसुद्धा होणार आहेस, टाकीपाशी, झेंडी घेऊन. तुला घर सोडून पाच वर्षं झाली तरी तू आहेस. मी इथे रोज आहे, तर मी नाही.

दुसरं एक. परवा बाबांनी "रूळ ओलांडू नयेत" अशी पाटी करायला लावली. फलाटाच्या टोकाला लावायची. मी विचारलं, पलीकडे तर नुसतं गवत आहे, तिकडे जाईल कोण? एवढंच विचारलं. केवढ्याने ओरडले! "पाटी होती म्हणून पाटी लावायची!" मग स्वतःच पलीकडे गवत करायला घेतलं. रंगवलेला भुसा चाळणीने टाकत होते. पलीकडे कुठला, सगळा फलाटावर पडला. प्रवाशांच्या गुडघ्यापर्यंत गवत. ते खोलीतून गेल्यावर मी ब्रशने झाडून काढलं.

घुमी

२ फेब्रुवारी

दादा,

आईने सांगितलंय हे लिहायचं नाही. "तो लांब एकटा राहतो, त्याच्या जिवाला घोर कशाला?" म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको आणि माझ्या जिवाला चालेल. लिहिते.

बाबांना काचबिंदू आहे. एका डोळ्याचं जवळजवळ संपलंय, दुसऱ्याचं कडेचं जातंय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. बाबा घरी येऊन काय म्हणाले? "चला, बोगद्यातून बघायची सवय आहेच." आणि मला म्हणाले, उन्हाळ्याआधी सगळं संपवायचं. म्हणून ही घाई, म्हणून पुन्हा कर, पुन्हा कर. पहिल्या पत्रात तब्येत ठीक आहे लिहिलं होतं, ते आईच्या सांगण्यावरून.

आता तू म्हणशील, मग मी काय करू? ये. अजून काय. तुला बघायचं तर त्यांच्याकडे फार दिवस नाहीत, आणि ते तोंडाने बोलवणार नाहीत, त्यांचं तोंड म्हणजे बंद पडलेलं स्टेशन. आणि तूही त्यांचाच. दोघं एका साच्यातले, मध्ये मी.

भांडण तरी कशावरून? मी दाराशी उभी होते, अकरा वर्षांची, मला सगळं आठवतं. बाबांनी स्टेशनच्या त्या एकमेव निगेटिव्हवरून फोटो मोठा करून आणला होता. फोटोत स्टेशनची इमारत नाही, ती फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे. समोर फक्त लांब जाणारे रूळ, पाण्याची टाकी आणि शेजारी तू. त्यावरून त्यांनी टाकी बांधली आणि रुळांच्या अलीकडे बसवली, आपल्या क्वार्टरच्या बाजूला. तू म्हणालास, टाकी पलीकडे होती. बाबा म्हणाले, फोटो खोटं बोलतो का? तू म्हणालास, "टाकीच्या गळक्या पाइपाखाली अंघोळ करायला मी रूळ ओलांडून जायचो. त्यासाठी तुम्ही मला पट्ट्याने मारलंत. टाकी या बाजूला असती तर मी ओलांडलं काय? मारलंत कशाला?" आणि बाबा म्हणाले, "मारलं ते उद्धटपणासाठी. रूळबिळ काही नाही, तुझ्या मनाचे खेळ."

त्यावर तू सरळ बॅग भरलीस. तेव्हा मला वाटलं, एवढ्याशा टाकीसाठी कोणी घर सोडतं का? आता वाटतं, टाकीसाठी नाही सोडलंस. पण मला राग आलाय तो आलाच आहे. तू गेलास आणि वर्गात मास्तरांनी वाचायला उभं केलं की माझा आवाज बंद, सगळे हसायचे. घरी येऊन सांगायला कोणी नाही. एक दिवस गेलेच नाही. बाबांनी काही विचारलं नाही, हातात बारीक ब्रश दिला आणि म्हणाले, "ही भिंत विटांची कर." तेही बरंच झालं म्हणायचं. पण तू विचारलं असतंस.

न्हाव्याची पाटी अजून पांढरीच आहे.

घुमी

१७ फेब्रुवारी

दादा,

"पिवळी."

एवढ्या लांबून एक पोस्टकार्ड येतं आणि त्यावर एकच शब्द! ना तारीख, ना कशी आहेस, ना येतो, ना येत नाही. उरलेल्या कार्डावर काय नाटकाची जाहिरात छापायची होती? मी ते उलटून पाहिलं, उन्हात धरलं. पिवळी. हिरवी नाही, निळी नाही, तिसरीच.

मी मनात म्हटलं, आता महाभारत. कार्ड नेऊन बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, डोळ्याच्या अगदी जवळ धरलं. एका शब्दाला किती वेळ लागतो? त्यांना लागला. मग कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पिवळीच होती. मी म्हणतच होतो."

"तुम्ही हिरवी म्हणत होता!" हे आई, स्वयंपाकघरातून. बोलणं बंद आहे हेच ती विसरली.

"पिवळी रंगव गं," बाबा मला म्हणाले.

आई हात पुसत दाराशी आली. "माझं ऐकायला महिना लागला आणि तरी ऐकलं नाही. त्याचं एका शब्दात पटलं होय?"

बाबांनी खिशावर हात तेवढा ठेवला.

घुमी

३ मार्च

दादा,

आज मी घरात ओरडले. हो, मी. शेजारच्या काकू बाहेर येऊन बघून गेल्या, कोणाकडे पाहुणे आलेत म्हणून.

झालं असं, की तुला करत होते. तारेचा सांगाडा, त्यावर पुट्टी, पेराच्याही निम्मा. बाबांनी फोटो समोर लावून दिला होता. तसंच कर, शर्टाचा खिसासुद्धा. मी भिंगातून बघत उजव्या हातात हिरवी झेंडी दिली. आई चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हा कोणाचा पोरगा?"

"दादा."

"हट्! माझ्या पोराने जन्मात उजव्या हाताने काही धरलं नाही. पाटीवर गिरवायचा तेही डावीने. तो झेंडी उजवीत घेईल?"

मी म्हटलं, फोटोत तशीच आहे, बघ. आईने बघितलं. मी पण बघितलं. आणि मग मला खिसा दिसला. खिसा उजव्या बाजूला. दादा, शर्टाला उजवीकडे खिसा कोण शिवतं? मी फोटो उचलला आणि बाहेर आरशासमोर धरला. आरशात झेंडी डाव्या हातात आली. खिसा डावीकडे आला. आणि टाकी रुळांच्या पलीकडे गेली.

फोटो उलटा छापलाय. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह पालथी घातली असणार. पाच वर्षं आम्ही उलट्या फोटोसमोर बसून सुलट्या पाट्या करतोय.

मी तशीच बाबांकडे गेले. ते चाळणी धुवत होते. म्हटलं, बाबा, टाकी पलीकडे होती. फोटो उलटा आहे. दादाचं बरोबर होतं.

त्यांनी नळ बंद केला. म्हणाले, "माहीत आहे."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कधीपासून?"

"तो गेला त्याच आठवड्यात. निगेटिव्ह काढून उजेडात धरली. कडेचे आकडे सुलटे येतील अशी धरली, तर टाकी पलीकडे."

"मग हलवली का नाही?"

बाबा म्हणाले, "चिकटलं होतं."

चिकटलं होतं! पोरगा घर सोडून गेला, खरं कळलं, आणि टाकी चिकटली होती म्हणून गप्प! गोंद आहे तो, बाबा, गरम पाण्याने सुटतो! मी रोज सोडवते! तुम्ही म्हणालात की पुन्हा कर, की मी सगळं उपटून पुन्हा करते, पाटी, भिंत, कुंपण, आणि तुम्हाला एक टाकी पुन्हा करता आली नाही? हे सगळं मी ओरडून बोलले. एवढे शब्द माझ्या आत होते हे मलाच माहीत नव्हतं. आई दारात उभी, चहाची कपबशी तशीच हातात.

मग मी पातं घेऊन तुझ्या खोलीत गेले आणि टाकीच्या बुडाशी घातलं. बाबा चाचपडत मागे आले. माझं मनगट धरलं.

"हलवू नकोस."

"अजून?"

"हलवलीस तर माझं पहिल्यापासून बरोबर होतं असं दिसेल. राहू दे चुकीच्या जागी." मनगट सोडलं. "एक पाटी कर. टाकीला लावायची."

मी पातं ठेवलं. पण पाटी लगेच केली नाही. म्हटलं, उद्या. त्यांनाही थोडं थांबू दे.

घुमी

९ मार्च

दादा,

पाटी झाली. कशी झाली ते सांगितलं नाही तर मला झोप लागायची नाही.

बाबा हात मागे बांधून खोलीत फेऱ्या मारत मजकूर सांगायला लागले, मास्तरांच्या आवाजात. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदरहू पाण्याच्या टाकीच्या स्थानाबाबत पूर्वी झालेल्या—"

मी म्हटलं, बाबा, पाटी नखाएवढी आहे.

"मग मोठी कर."

"टाकीवर मोठी पाटी कुठे असते? तुम्हीच म्हणाला असता, त्या साली नव्हती."

एक फेरी मारली. पुन्हा सुरू. "टाकीच्या स्थानाबाबत गैरसमज झाला असल्याने..." मी म्हटलं, गैरसमज बसत नाही. "स्थान चुकले आहे..." स्थान घातलं तर पुढे काहीच बसत नाही. एकेक शब्द मी काढायला लावला. खूप घाम फुटला त्यांना. आई बाहेर धान्य निवडत बसली होती, पण सुपाचा आवाज केव्हाच थांबला होता.

शेवटी बाबा तुझ्या उभ्या पलंगाला टेकले आणि साध्या आवाजात म्हणाले, "लिही. टाकी पलीकडे होती. पोराला उगाच मारलं."

ते बसलं.

मी ती तीनदा केली. पहिली फार सुबक, दुसरी वाकडी. ठरलेलंच. तिसरी केली, पांढऱ्यावर काळी, कडा पेन्सिलीने बुजवल्या आणि चिमट्याने त्यांच्यासमोर धरली. त्यांनी भिंग घेतलं, डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मग भिंग खाली ठेवलं.

"वाचून दाखव."

मला कोणी वाचायला उभं केलं की काय होतं ते तुला माहीत आहे. पण तिथे हसणारं कोण होतं? मी वाचलं. मोठ्याने. दोन्ही वाक्यं. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "पुन्हा." म्हणून पुन्हा वाचलं. बाहेर आईने सूप खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

मी गोंद लावायला घेतला, तर म्हणाले, "थांब. ही नवी दिसते."

नवीच आहे ना बाबा, आज झाली.

"नवी नको. जुनी कर. पाच वर्षं उन्हात असल्यासारखी."

मी मग चहाचं पाणी आणलं, विटेची पूड आणली. रंग उडवला. खिळ्यांचे ओघळ काढले, खालपर्यंत. एक कोपरा जरा उचलला, वाऱ्याने उचलतो तसा. त्यांनी बोटाने कोपरा चाचपला. "बरं आहे," म्हणाले. आणि मग, "पेंटरचं नाव कुठे आहे?"

"त्या साली घुमी कुठे होती?" मी म्हटलं. सोडणार होते होय.

"पाटी पाच वर्षांची आहे," बाबा म्हणाले. "पाच वर्षांपूर्वी तू होतीस. दारात उभी होतीस. मी पाहिलं होतं."

म्हणून कोपऱ्यात नाव आहे. भिंगाशिवाय दिसत नाही, पण आहे. झेंडी तुझ्या डाव्या हातात दिली आहे, खिसा डावीकडे. तू चुकीच्या टाकीपाशी बरोबर उभा आहेस.

आता खरा वैताग ऐक. न्हाव्याची पाटी पिवळी रंगवली. आई म्हणाली, पिवळी म्हणजे लिंबाची पिवळी. बाबा म्हणतात, हळदीची, आणि तसं तुझ्या कार्डावरून स्पष्टच होतं. कार्ड खिशातून काढून आईला दाखवतात! सकाळपासून दोघांचं पुन्हा बंद, आणि मला आत्ताच निरोप आलाय की तुझ्या आईला सांग, चष्मा बदल.

हे पत्राने मिटायचं नाही. मी दोन्ही पिवळे कालवून ठेवलेत, झाकण लावून. वाळायच्या आत ये, आणि बोट ठेवून सांग कुठला. पलंग आम्ही आडवा करून ठेवला आहे.

घुमी